वाटी, वजनकाटा आणि पोषणशास्त्र

जेवणाबद्दल ठाम मत नसलेला माणूस मला नाशिकमध्ये अजून भेटायचा आहे. कुणी भात सोडायला सांगतं, कुणी तूप वाढवायला, कुणी पहाटे उठून दुधी भोपळ्याचा रस पितं. मी पोषणशास्त्रात एम.एस्सी. केलंय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे डाएटचा चार्ट करून देता ना?" चार्ट करून देते. पण तो कागद या शिक्षणाचा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात लहान भाग आहे. त्याच्या आधी काय काय शिकावं लागतं, हे लोकांना कुणी सांगतच नाही. दर उन्हाळ्यात बारावीच्या मुली आईवडिलांना घेऊन माझ्याकडे विचारायला येतात, आणि संसारात दहा-पंधरा वर्षं घालवलेल्या बायकाही येतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी बी.एस्सी. नाशिकलाच केलं, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. लग्नानंतर काही वर्षं क्लासमध्ये विज्ञान शिकवलं. मुलगा शाळेत रुळल्यावर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, म्हणजे इग्नूच्या, 'डाएटेटिक्स अँड फूड सर्व्हिस मॅनेजमेंट' या एम.एस्सी.ला नाव घातलं. सासूबाईंनी सरळ विचारलं होतं, "अगं, जेवण तर आपण रोजच करतो. त्यात दोन वर्षं शिकायचं काय?" प्रश्न अगदी रास्त होता. पुस्तकांचा पहिला गठ्ठा घरी आला तेव्हा मी त्यांना विषयांची यादी वाचून दाखवली: शरीरक्रियाशास्त्र, पोषणाचं जीवरसायनशास्त्र, अन्नातले सूक्ष्मजीव आणि अन्नसुरक्षा, आजारातला आहार, सार्वजनिक पोषण, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र. त्यात एकही पाककृती नव्हती.

मुलींना सगळ्यात जड जातं ते जीवरसायनशास्त्र. भाकरीतल्या स्टार्चचं ग्लुकोज कसं होतं, ते पेशीत कसं शिरतं, इन्सुलिन कमी पडलं तर काय अडतं, उपाशीपोटी यकृत साखर कुठून आणतं, याच्या साखळ्या पाठ करून भागत नाही, त्या समजाव्या लागतात. हे समजलं नाही तर मधुमेहाच्या रुग्णाला "गोड बंद करा" यापलीकडे काही सांगता येत नाही, आणि तेवढं तर शेजारीही सांगतात.

प्रॅक्टिकलसाठी मी पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायची. एक प्रयोग मी अजून मुलींना जसाच्या तसा सांगते. कच्चा कोबी बारीक चिरून आम्लात खलायचा, गाळून रस काढायचा. उभ्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, इंडोफिनॉल नावाचा गडद निळा रंग भरायचा आणि तो थेंब थेंब रसात सोडायचा. 'क' जीवनसत्त्व त्या रंगाला खाऊन टाकतं, थेंब पडतो आणि विरून जातो. जीवनसत्त्व संपलं की पुढचा थेंब गुलाबी होऊन तसाच राहतो. तिथं थांबायचं आणि किती रंग लागला ते वाचायचं. मग तोच कोबी भरपूर पाण्यात शिजवून पुन्हा मोजायचा. आता गुलाबी छटा कितीतरी आधी उमटते. आणि आपण ओतून देतो ते कोबीचं पाणी मोजलं की त्यातही 'क' जीवनसत्त्व सापडतं. "भाजी कमी पाण्यात, झाकण ठेवून शिजवा" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी.

प्रथिनं मोजण्याची केल्डाल पद्धत त्याहून जुनी, १८८३ सालची. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती शोधली गेली. धान्य तीव्र गंधकाम्लात उकळायचं, त्यातलं नायट्रोजन मोजायचं आणि त्याला ६.२५ नं गुणायचं, म्हणजे प्रथिनं. इथं एक मेख आहे. ही पद्धत प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते. २००८ साली चीनमध्ये याच फटीचा फायदा घेतला गेला. पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजनानं भरलेलं मेलामाइन मिसळलं, चाचणीत प्रथिनं भरपूर दिसली आणि तान्ह्या बाळांच्या मूत्रपिंडात खडे झाले. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. डब्यावरचा आकडा कसा काढला आहे हे विचारायची सवय ज्या शिक्षणातून लागते, ते जेवणाचंच शिक्षण आहे.

आमच्या हातात सतत असायचं ते डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांचं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं पुस्तक. त्याची वंशावळ मोठी आहे. १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या अभ्यासाला सुरुवात केली. त्यातून पुढे प्रयोगशाळा उभी राहिली. तिथल्या आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नाचे तक्ते छापले. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला गेली, आज ती राष्ट्रीय पोषण संस्था, एन.आय.एन. आपल्या देशात कुठल्याही दवाखान्यात जो डाएट चार्ट मिळतो, त्याचे आकडे बहुतेक याच घरातून आलेले असतात. २०१७ साली संस्थेनं नवे तक्ते काढले, त्यात देशभरातून गोळा केलेले ५२८ अन्नपदार्थ आहेत.

या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून एक मराठी बाई काम करून गेल्या आहेत, आणि त्यांचं नाव मी प्रत्येक विद्यार्थिनीला आवर्जून सांगते: कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गा भागवतांच्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं होऊन १९३३ साली त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेल्या, तेव्हा तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष काम बघू, मग ठरवू, अशा अपमानास्पद अटीवर त्यांना घेतलं. तिथं त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. १९३९ साली केंब्रिजहून पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेवर काम केलं. गरिबाला परवडेल आणि कुपोषण कमी करेल असं काय आहे, हा त्यामागचा प्रश्न होता. मोठ्या प्रयोगशाळेतून आलेल्या बाईनं ताडामाडाच्या रसाकडे इतक्या गांभीर्यानं पाहावं, यातच मला या शास्त्राचा खरा स्वभाव दिसतो.

माझ्या प्रबंधासाठी मी पेठ तालुका निवडला. नाशिकपासून गुजरातच्या वाटेवरचा, डोंगरउतारावर नागली, वरई, उडीद आणि खुरासणी पिकवणारा आदिवासी तालुका. नागली म्हणजे पुण्या-मुंबईची नाचणी. विषय होता गरोदर बायकांच्या आहारातलं लोह. पद्धत साधी वाटते: काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय खाल्लं ते विचारायचं. करून बघितल्यावर कळतं की ही साधी दिसणारी गोष्टच सगळ्यात अवघड आहे.

सहा महिन्यांची गरोदर असलेली एक मुलगी चुलीपाशी बसली होती. अंगणवाडीताईंनी माझी ओळख करून दिली. "काल काय जेवली गं?" तर म्हणाली, "भाकर न् आमटी." एवढंच. मग मी पिशवीतून वाट्यांचा संच आणि छोटा वजनकाटा काढला. भाकरी किती? तीन. केवढी? हातानं दाखवलेलं माप चालत नाही. एका भाकरीला जेवढं पीठ लागतं तेवढं ताटात काढायला सांगितलं आणि ते तोललं. साधारण ९० ग्रॅम भरलं. आमटी किती वाटी? दीड. डाळ किती घातली होती? मूठभर. मग ती मूठही तोलली, भांड्यात शिजून आमटी किती झाली ते मोजलं, घरात खाणारी तोंडं किती ते विचारलं. वाढताना वरचं पातळ कुणाच्या वाटीत गेलं आणि तळाची डाळ कुणाच्या, हेही विचारावं लागतं. तिथं तिची सासू हसली आणि म्हणाली, "गडी रानात जातो बाई, त्याला घट्ट लागतं."

भाजीबद्दल विचारलं तर "भाजी नव्हती." मी निघता निघता ताईंनीच टोकलं, "अगं, काल कुर्डू नव्हती का आणली?" आणली होती, शिजवली होती, खाल्लीही होती. पण बाजारातून विकत आणली नाही ती भाजी तिच्या हिशेबात धरलीच नव्हती. पावसाळ्यात इथं कुर्डू, टाकळा, भारंगी, कर्टुली पोटभर खाल्ली जातात, आणि घाईघाईत भरलेल्या सर्वेक्षणाच्या फॉर्मात यातलं काहीच उतरत नाही. अंगणवाडीताईंशिवाय माझा प्रबंध निम्मा खोटा झाला असता. त्या ताईंकडे पोषणशास्त्राची पदवी नाही, पण गावातल्या प्रत्येक चुलीवर काल काय शिजलं ते त्यांना ठाऊक असतं.

आता त्या तीन भाकऱ्यांचा हिशेब बघा. आकडे आजच्या तक्त्यांतले देते. २७० ग्रॅम नागली. १०० ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे तिच्या पोटात जवळजवळ ९८० मिलिग्रॅम गेलं. एन.आय.एन.ची शिफारस आहे दिवसाला १००० मिलिग्रॅम. दुधाचा थेंबही न घेता तिनं ती गाठलीच म्हणायची! शहरात कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते. पण लोह? १०० ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन भाकऱ्यांचं मिळून १२ च्या वर थोडं. गरोदरपणातली शिफारस २७ ची. शिवाय नागलीत लोह असतं त्याच्याबरोबर ते धरून ठेवणारे फायटेट आणि टॅनिनही असतात, त्यामुळे पोटात गेलेलं सगळं लोह रक्तात पोचत नाही. नागलीला मोड आणून दळलं तर फायटेट कमी होतं. जेवताना लिंबू किंवा आवळा असेल तर 'क' जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच कोरा चहा घेतला तर उलटं होतं. या तिन्ही गोष्टींना पैसे लागत नाहीत, म्हणून त्या सांगण्यासारख्या. लोहाच्या गोळीची गरज मात्र त्यानं टळत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावं लागतं.

आणि उष्मांक? तीन भाकऱ्यांचे साडेआठशेच्या आसपास. मध्यम कष्ट करणाऱ्या बाईला दिवसाला २१३० लागतात, गरोदरपणी आणखी ३५०. इथं पांडुरंग सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचा संचालक होता. जग 'प्रथिनांची टंचाई' म्हणून ओरडत होतं, पावडरी वाटत होतं, तेव्हा सुखात्म्यांनी सांगितलं की माणसाला पोटभर अन्नच मिळत नाही हा मूळ प्रश्न आहे. पोट अर्धं रिकामं असेल तर खाल्लेलं प्रथिनही शरीर सरपणासारखं जाळून टाकतं. माणसाला नेमके किती उष्मांक लागतात यावरून त्यांचा आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांचा पुढे मोठा वाद झाला. तो वाद पुस्तकात वाचताना कोरडा वाटतो. पेठला त्या चुलीपाशी बसून वाचला तर वाटत नाही.

पावसाळा सरला की पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. गावच्या अंगणवाडीत नाव असलेलं मूल द्राक्षबागेच्या कडेला राहायला जातं. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित धरतात. मोजपट्टीवर तिथपर्यंत लाल रंग असतो, पुढे १२.५ पर्यंत पिवळा, मग हिरवा. पट्टीची किंमत काहीच नाही. पण ती घेऊन बागेपर्यंत जाणारं माणूस लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. हा आपल्या श्रीमंत राज्याचा आकडा आहे आणि त्याची मला मनापासून लाज वाटते.

माझं रोजचं काम शहरात चालतं, कॉलेज रोडच्या आसपास, आणि तिथं येणारे बहुतेक जण मधुमेही किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे. पेठची ती मुलगी आणि हे लोक दोन वेगळ्या जगांतले वाटतात. ते तसे नाहीत, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हाडकुळी, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानानं राखून ठेवलेली. आईच्या पोटात उपासमार सोसलेलं मूल पुढे खात्यापित्या घरात गेलं की मधुमेहाकडे झुकतं. २००४ साली याज्ञिकांचा इंग्लंडमधल्या युडकिन या सहकाऱ्याबरोबरचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बी.एम.आय. २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. नुसतं वजन बघून कुणाला "तुमचं सगळं ठीक आहे" म्हणायची हिंमत मला त्यानंतर झाली नाही.

नाशिक हे देवाचं गाव, त्यामुळे उपास हा माझ्या कामातला मोठा विषय. एक आजी येतात, मधुमेह जुना, आणि एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार काही सोडायला तयार नाहीत. उपास सोडा म्हणणं सोपं आहे, पण मग त्या पुन्हा येणार नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, साखर झपाट्यानं वाढवणारा. त्याऐवजी थोडी भगर, तिच्याबरोबर शेंगदाण्याची दाट आमटी (शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे जवळजवळ २५ ग्रॅम प्रथिनं असतात), दुपारी ताक, संध्याकाळी राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर. त्या दिवशीच्या गोळ्यांचं प्रमाण मात्र मी ठरवत नाही, त्यासाठी चिठ्ठी देऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवते. आपलं काम कुठं संपतं हेही या शिक्षणातच शिकवतात, आणि फोनवर सहा आठवड्यांत 'आहारतज्ज्ञ' होणाऱ्यांना नेमकं हेच कुणी शिकवलेलं नसतं.

म्हणूनच २०२१ चा राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा मला हवासा वाटतो. त्यानं आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना पहिल्यांदाच अभ्यासक्रम आणि नोंदणीच्या चौकटीत आणलं. त्याचाच पुढचा भाग म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवता येणार नाहीत. त्यात अन्न व पोषणशास्त्र आहे, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि डाएटेटिक्स आहे. ज्या वाटेनं मी शिकले ती वाट नव्यांसाठी बंद झाली.

हाताखाली रुग्ण आणि प्रयोगशाळा नसताना हे शिकवू नये, हे मला शंभर टक्के पटतं. पण त्या वाटेनं येणाऱ्या बायका कोण होत्या, हेही मला माहीत आहे. सटाण्याची शिक्षिका, मालेगावची नर्स, देवळाली कॅम्पची दोन मुलांची आई. यांना दोन वर्षं जुहूला एस.एन.डी.टी.त किंवा पुण्याला जाऊन राहणं शक्य नाही. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, अशी दोन विद्यापीठं ज्या शहरात आहेत, तिथं नोकरी-संसार सांभाळून प्रत्यक्ष हजेरीनं करता येईल अशा एम.एस्सी.च्या पुरेशा जागा निघायला हव्यात: शनिवार-रविवारी प्रयोगशाळा, इंटर्नशिप जिल्हा रुग्णालयात, प्रबंध पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीत. हाताशी इतकं काम असताना विद्यार्थिनींनी ते शिकायला दुसऱ्या गावी का जावं?

ज्यांना हे शिक्षण घ्यायचंच आहे त्यांनी प्रवेशाआधी एवढं बघा. अभ्यासक्रम नियमित हजेरीचा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेचा आहे का, रुग्णालयातली इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं की तुमच्यावर सोडतं, आणि नव्या आयोगाकडे नोंदणीसाठी ती पदवी चालेल का, हे लेखी विचारा. इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या आर.डी., म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन, परीक्षेला बसायचं असेल तर तिची पात्रता आधीच वाचून ठेवा. आणि प्रबंधाचा विषय निवडताना आपल्याच जिल्ह्यातला एखादा तालुका निवडा. तिथल्या अंगणवाडीताईंना आधी भेटा, फॉर्म नंतर छापा.